माल फुकट, हात नाहीत: टाकाऊतून डिझाईन करणाऱ्यांकडून शिकायचं कॉस्टिंग



शाळेतला कार्यानुभवाचा तास आठवतोय? आईस्क्रीमच्या काड्यांचं घर, फुटक्या बांगड्यांचं तोरण, बाटलीवर लोकर गुंडाळून केलेली फुलदाणी. वहीवर शीर्षक ठरलेलं, 'टाकाऊपासून टिकाऊ'. बाई दहापैकी आठ मार्क द्यायच्या, वस्तू महिनाभर शोकेसमध्ये बसायची आणि दिवाळीच्या साफसफाईत गुपचूप बाहेर जायची. म्हणजे टाकाऊपासून परत टाकाऊच!

आता विचार करा. तीच बाटली, तीच चिंधी, तीच मोडकी फळी घेऊन जगात काही लोकांनी अशा वस्तू बनवल्या की त्यासाठी गिऱ्हाईक रांग लावतं आणि संग्रहालयं त्या जपून ठेवतात. फरक कुठे पडला? 'त्यांच्याकडे कला आहे, आपल्याकडे नाही' असं म्हणून विषय संपवू नका. फरकाचा मोठा भाग कॉस्टिंगमध्ये आहे, आणि ते शिकता येतं. मी शिकलो, पण आधी एका बाईंचं नुकसान करून. म्हणून आज तिथूनच सुरुवात करतो.

माझ्या साठ बॅगांची गोष्ट

२०१९ च्या दिवाळीआधी दुकानात काहीतरी वेगळं ठेवायचं डोक्यात आलं. ओळखीपाळखीच्या लोकांकडून जुन्या जीन्स गोळा केल्या. चार पोती भरली, एक रुपया लागला नाही. आमच्याकडे ब्लाऊज शिवणाऱ्या एक काकू आहेत, त्यांच्याकडे साठ बॅगा शिवायला दिल्या. माझा हिशोब तेव्हा असा होता:

कापड: ० रुपये
अस्तर, चेन, दोरा: ४५ रुपये
शिलाई: ५० रुपये
एकूण: ९५ रुपये
विक्री: १९९ रुपये
नफा: १०४ रुपये

शंभर टक्क्यांहून जास्त नफा! बीबीए केलेला माणूस, छाती दोन इंच फुगली. साठच्या साठ बॅगा दिवाळीत संपल्या. गल्ल्यात ६,२४० रुपये जास्त दिसत होते. मी लगेच अजून शंभर बॅगांची ऑर्डर घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि ऑर्डर परत केली. म्हणाल्या, "दादा, तुमचा कपडा फुकट आहे, माझे हात नाहीत."

मला आधी रागच आला. पन्नास रुपये त्यांनीच कबूल केले होते ना? मग त्यांनी मला बसवून एक बॅग दाखवली. जीन्सची शिवण दुहेरी असते, ती उसवायलाच पाऊण तास घालवणारी एखादी पॅन्ट निघते. प्रत्येक पॅन्टचा कपडा वेगळा, एक जाड, एक ताणणारा. तुकडे जुळवताना डोकं लावावं लागतं. जाड जोडावर मशीनची सुई तुटते, ती सुई त्यांच्या पैशाची. आणि शिवताना वेळ गेला तो वेगळाच.

घरी येऊन मी पहिल्यांदा घड्याळ लावून एका बॅगेचं काम मोजलं:

गोळा करणं, निवडणं: १० मिनिटं
धुणं, वाळवणं, इस्त्री: १५ मिनिटं
उसवणं: २५ मिनिटं
कापणं, तुकडे जुळवणं: ३० मिनिटं
शिवणं: ४० मिनिटं
धागे कापणं, तपासणं, फोटो काढणं: १० मिनिटं
एकूण: १३० मिनिटं

बघा, शिलाई फक्त ४० मिनिटं. एकूण वेळेच्या एक तृतीयांशही नाही! मी पैसे मोजले ते फक्त शिलाईचे. उसवणं आणि जुळवणं काकूंनी फुकट केलं, धुणं-वाळवणं माझ्या आईने फुकट केलं, बाकीचं मी. काकूंच्या वाट्याला एका बॅगेमागे ९५ मिनिटं आली, म्हणजे साठ बॅगांचे ९५ तास. मी दिले ३,००० रुपये. तासाला साधारण ३२ रुपये पडले. माझा 'नफा' म्हणजे काकूंची न दिलेली मजुरी होती.

मग तासाला ६० रुपये धरून खरा हिशोब मांडला. मजुरी १३० रुपये, अस्तर-चेन-दोरा ४५, साबण-वीज-सुया आणि वाया गेलेला माल २०, दुकानाचं भाडं-पॅकिंग वगैरेचा वाटा ४५. झाले २४० रुपये. मी विकत होतो १९९ ला! दर बॅगेमागे ४१ रुपये तोटा, आणि तो तोटा मला दिसत नव्हता कारण तो दुसऱ्याच्या खिशातून जात होता. काकूंना फरकाचे २,७०० रुपये नेऊन दिले. शंभर बॅगांची ऑर्डर रद्द केली.

मित्रांनो, टाकाऊ मालाच्या धंद्यातला हा सगळ्यात मोठा सापळा. नवीन कापडाचा तागा आणला की तो सरळ, स्वच्छ, एकसारखा असतो. त्या सरळपणाचे पैसे तुम्ही गिरणीला देता. टाकाऊ माल आणला की तो सरळपणा तुम्हाला स्वतःच्या वेळेतून तयार करावा लागतो. म्हणजे पैसे मालाच्या रकान्यातून उठून मजुरीच्या रकान्यात जाऊन बसतात. तो रकाना कोरा ठेवला तर धंदा चालल्यासारखा वाटतो, पण तो चालत नसतो.

बरं, खर्च २४० रुपये. त्यावर २५ टक्के नफा धरला तर ३०० ला विकायला हवी. दुसऱ्या दुकानात ठेवायची असेल आणि दुकानदाराने छापील किमतीवर ४० टक्के मार्जिन मागितलं, तर छापील किंमत ५०० च्या घरात जाते. जुन्या जीन्सच्या बॅगेला ४९९ रुपये कोण देणार? खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर डिझाईनमध्ये आहे. तेव्हा मी शोधायला बसलो की हे काम करून जगात कोण टिकलंय, आणि कसं.

झुरिकचे दोन भाऊ आणि ट्रकची ताडपत्री

पहिलं नाव सापडलं फ्रायटाग. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात मार्कुस आणि डॅनिएल फ्रायटाग हे दोघे भाऊ ग्राफिक डिझायनर. १९९३ ची गोष्ट. दोघं सायकलवर फिरायचे, पाऊस आला की बॅगेतली कागदपत्रं भिजायची. घरासमोरच्या मोठ्या रस्त्यावरून दिवसभर मालट्रक धावत असत, त्यांच्यावर रंगीत ताडपत्री. ताडपत्री म्हणजे काय? पाणी आत जाऊ न देणारं, वर्षानुवर्षं ऊनपाऊस सोसलेलं कापड. त्यांनी जुनी ताडपत्री मिळवली, बाथटबमध्ये धुतली आणि बॅग शिवली. खांद्याचा पट्टा गाडीच्या सीटबेल्टचा, कडांना सायकलची जुनी ट्यूब.

इथे थांबा आणि एक गोष्ट टिपून घ्या. त्यांनी 'कचरा पडलाय, त्याचं काय करू' असं म्हणून सुरुवात केली नाही. त्यांची गरज होती न भिजणारी बॅग. त्या गरजेला लागणारा गुण ताडपत्रीत तयार होता. सीटबेल्ट माणसाचं वजन धरून ठेवायला बनवलेला असतो, मग त्याला बॅगेचं वजन काय जड? प्रत्येक टाकाऊ भाग त्याच्या गुणामुळे निवडला गेला. मी जीन्स का निवडली होती? फुकट मिळाली म्हणून. फरक कळला?

दुसरी गोष्ट, त्यांचा माल 'फुकट' नाही. जुनी ताडपत्री ते वाहतूक कंपन्यांकडून विकत घेतात. चांगल्या रंगाची, चांगल्या अवस्थेतली ताडपत्री शोधणं हे तिथे काही लोकांचं पूर्णवेळ काम आहे. मग तिच्यावरचे पट्टे, कड्या काढून तुकडे करतात, मोठ्या वॉशिंग मशीनमध्ये धुतात, आणि त्यासाठी छतावर साठवलेलं पावसाचं पाणी वापरतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बॅगेचा आकार ठरलेला. पारदर्शक साचे केलेले असतात. कापणारा माणूस तो साचा ताडपत्रीवर सरकवत बघतो की अक्षराचा कुठला तुकडा, रंगाची कुठली पट्टी बॅगेच्या समोर येईल, आणि मग हाताने कापतो. म्हणजे शिवण तीच, मापं तीच, वेळ तोच; बदलतं फक्त चित्र. त्यामुळे शिवणाऱ्याचं काम ठरलेलं राहतं आणि गिऱ्हाइकाला मात्र जगात दुसऱ्या कोणाकडे नसलेली बॅग मिळते. ऑनलाइन विकताना प्रत्येक बॅगेचा वेगळा फोटो लावावा लागतो. तोही वेळच, तोही खर्चात धरावा लागतो.

माझ्या साठ बॅगांमध्ये मी उलटं केलं होतं. पॅन्ट जशी निघेल तसा आकार! काकूंना प्रत्येक बॅग पहिल्यापासून विचार करून शिवावी लागत होती.

आणि हो, धंदा चालायला लागला की नक्कल येतेच. 'फ्रायटाग' या आडनावाचा जर्मन भाषेत अर्थ शुक्रवार. तिथल्या एका मोठ्या रिटेल साखळीने तशीच दिसणारी स्वस्त बॅग काढली आणि तिला नाव दिलं 'गुरुवार'! लोकांनी नाराजी दाखवली आणि ती बॅग मागे घेतली गेली. फ्रायटाग आजही उभी आहे. झुरिकमधलं त्यांचं दुकान जुने शिपिंग कंटेनर एकावर एक रचून २६ मीटर उंच केलेलं आहे, आणि त्यांची सुरुवातीची बॅग न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. साचा, सफाई आणि पुरवठा या तीन गोष्टी एका रात्रीत चोरता येत नाहीत.

भंगार फळ्यांचं कपाट

दुसरं नाव नेदरलँड्सच्या पीट हाइन ईकचं. १९९० मध्ये तो आइंडहोवेनच्या डिझाईन अकॅडमीतून बाहेर पडला तेव्हा त्याचं शेवटच्या वर्षाचं काम होतं जुन्या, रंग उडालेल्या फळ्यांचं कपाट. चारही बाजूंनी गुळगुळीत, एकसारखं फर्निचर म्हणजेच चांगलं फर्निचर, हे त्याला पटत नव्हतं. त्याचं म्हणणं, वस्तूत डाग असले, रंग वेगळे असले, तरी ती सुंदर आणि कामाची असू शकते.

पण 'डाग असले तरी चालेल' याचा अर्थ 'काम कसंही केलं तरी चालेल' असा त्याने घेतला नाही. फळ्या जुन्या, जोड मात्र चोख. वर पॉलिशचे थरावर थर देऊन चकाचक केलेलं. मी याला 'एक बाजू जुनी, एक बाजू पक्की' असं म्हणतो. माल जुना दिसतोय ना? मग कारागिरी नव्याहून नवी दिसली पाहिजे. नाहीतर गिऱ्हाइकाच्या मनात एकच शब्द येतो: जुगाड. जुगाड कौतुकाचा असतो, पण त्याला ४९९ रुपये कोणी देत नाही.

पुढे ईकने अजून एक मजा केली. कारखान्यात फळ्यांचे जे तुकडे उरायचे, ते ४० मिलिमीटरच्या चौकोनी मापात कापून त्याचं फर्निचर बनवलं. त्यामागचा विचार ऐका. आज माल स्वस्त आणि मजुरी महाग आहे, म्हणून तुकडे फेकून देणं परवडतं. आपण उलट धरू: माल मौल्यवान आहे आणि वेळ काहीच लागत नाही, असं मानून चाललो तर काय बनेल? बनलं ते फर्निचर अर्थातच महाग, कारण वेळ लागतोच! पण त्याने ते लपवलं नाही. छोटे छोटे चौकोन बघून बघणाऱ्याला लगेच कळतं की इथे तासन् तास गेलेत. किमतीचं कारण वस्तूच्या अंगावरच लिहिलेलं आहे.

तुमच्या वस्तूकडे बघून गिऱ्हाइकाला तुमचा वेळ दिसतो का? माझ्या बॅगेत २५ मिनिटं उसवण्यात गेली होती आणि ती बॅगेवर कुठेच दिसत नव्हती. न दिसणारा वेळ कमी करायचा, दिसणारा वेळ ठेवायचा. हे वाक्य दुकानात भिंतीवर लावलंय मी.

बारा बाटल्या आणि आजीची गोधडी

तिसरा माणूसही नेदरलँड्सचाच, तेयो रेमी. १९९१ मध्ये त्याने तीन वस्तू केल्या, त्या आजही डिझाईनच्या पुस्तकांत असतात.

पहिली, दुधाच्या बाटल्यांचा दिवा. आपल्याकडे बाटलीत बल्ब सोडून केलेले दिवे प्रत्येक प्रदर्शनात दिसतात. रेमीने काय केलं? बारा सारख्या बाटल्या, तीनच्या चार रांगा, चौकोनात छताला टांगल्या. बस्स. एक बाटली टांगली तर ती कार्यानुभव. बारा सारख्या बाटल्या एका शिस्तीत टांगल्या तर ते झुंबर. रंग नाही, टिकल्या नाहीत, लोकर नाही. आपण टाकाऊ वस्तूला झाकायला बघतो, तिथेच चुकतो. तिला झाकू नका, तिला रांगेत उभं करा.

दुसरी, जुन्या ड्रॉवरचा ढीग. वेगवेगळ्या मोडक्या कपाटांचे ड्रॉवर घेतले, प्रत्येकाला नव्या लाकडाची पेटी केली आणि सगळे वेडेवाकडे रचून एका पट्ट्याने करकचून बांधले. जुना भाग कुठला आणि नवा कुठला हे स्वच्छ दिसतं.

तिसरी आपल्या कामाची. चिंध्यांची खुर्ची. पंधरा पिशव्या भरतील एवढे जुने कपडे थरावर थर दाबून पट्ट्यांनी बांधलेले. आणि गिऱ्हाइकाला हवं असेल तर त्याने स्वतःचे जुने कपडे द्यायचे, ते खुर्चीत घातले जातात!

हे वाचलं आणि मी हसलो. अहो, हे तर आपल्या घरोघरी चालायचं. गोधडी! आजीचं लुगडं, आईची साडी, बाबांचं धोतर. कपडा घरचा, आणि गोधडी शिवणारी बाई धावदोऱ्याच्या मजुरीचे पैसे घ्यायची. धंद्याच्या भाषेत बघा: मालात पैसा अडकत नाही, स्टॉक पडून राहत नाही, ऑर्डर आधी आणि काम नंतर, आणि मजुरी उघडपणे ठरलेली. घासाघीस झाली तरी ती मजुरीवर होते, 'जुन्या कापडाचीच तर आहे' असं कोणी म्हणत नाही, कारण ते कापड त्याच्या आईचं असतं. टाकाऊ मालाला सगळ्यात जास्त किंमत कुठे असते? ज्याचा तो माल आहे त्याच्याच मनात. बाळाच्या लहान झालेल्या कपड्यांची चादर, लग्नातल्या शालूच्या उशा, वारलेल्या वडिलांच्या शर्टांची गोधडी. हे काम घेणारे लोक आज आहेत आणि त्यांच्याकडे थांबायला लोक तयार असतात. भांडवल नसलेल्या माणसाने सुरुवात इथून करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पुण्यात चरख्यावर प्लास्टिक

लांबचीच उदाहरणं का, असं म्हणाल म्हणून जवळचं सांगतो. पुण्यात रीचरखा आणि इकोकारी अशी दोन नावं आहेत. ती वापरून टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेष्टनं घेऊन काम करतात. प्लास्टिक रंगानुसार निवडायचं, धुवायचं, वाळवायचं, हाताने लांब पट्ट्या कापायच्या, त्या चरख्यावर गुंडाळायच्या आणि हातमागावर विणून कापड तयार करायचं. त्या कापडाच्या बॅगा, पाऊच, घरातल्या वस्तू.

इथे काय शिकायचं? त्यांनी कचऱ्यापासून थेट वस्तू न बनवता आधी कापड बनवलं. एकदा एकसारखं कापड हातात आलं की पुढची शिलाई नेहमीच्या बॅगेसारखी होते. सगळा वेडावाकडेपणा पहिल्या टप्प्यातच सरळ करून टाकला. आणि पट्ट्या कापणं, चरखा, माग हे सगळं त्या कापडाच्या पोतात दिसतं. म्हणजे वेळ दिसतो!

एक खरं बोलतो. युरोपातल्या किमती बघून हुरळून जाऊ नका. तिथलं गिऱ्हाईक वेगळं, तिथली मजुरी वेगळी. आपण त्यांची किंमत उचलायची नाही, त्यांची पद्धत उचलायची.

मी परत काय केलं

वर्षभराने मी काकूंकडे परत गेलो. या वेळी पोती न नेता एक प्रश्न घेऊन गेलो: "जीन्समध्ये उसवावं लागणार नाही असं काय शिवता येईल?" काकूंनी पॅन्टचा पाय गुडघ्याखाली कापला, उलटा केला आणि म्हणाल्या, "हे तर शिवलेलंच आहे की!" खरंच, पॅन्टचा पाय म्हणजे दोन्ही बाजूंनी पक्की शिवण असलेली नळी. खाली तळ लावला, आत जाड अस्तर, वर दोरी, आणि पट्ट्याला त्याच पॅन्टची कमरपट्टी. पाण्याच्या बाटलीची पिशवी तयार. ज्या दुहेरी शिवणीने आमचा घाम काढला होता, तीच आता बाटलीचं वजन धरत होती. ही कल्पना काकूंची, हे मी प्रत्येक वर्कशॉपमध्ये सांगतो.

वेळ मोजला: निवडणं ५, धुणं-इस्त्री १०, कापणं ५, शिवणं २०, तपासणं आणि फोटो ५. एकूण ४५ मिनिटं. मजुरी ४५ रुपये, अस्तर-दोरी २०, साबण-सुया १०, दुकानाचा वाटा ३०. खर्च १०५ रुपये. छापील किंमत २४९. दुसऱ्या दुकानदाराला ४० टक्के मार्जिन दिलं तरी हातात साधारण १४९ येतात, म्हणजे ४४ रुपये सुटतात. आणि काकूंना त्यांच्या पूर्ण वेळेचे, तासाला ६० प्रमाणे मिळतात. वस्तू छोटी झाली, किंमत जवळपास तीच, पण हिशोब खरा झाला.

तरी काउंटरवर घासाघीस होतेच. "अहो, जुन्या पॅन्टचीच आहे ना, दीडशेला द्या." आधी मी पर्यावरणावर भाषण द्यायचो. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि निघून जायचं. आता मी एक लिटरची भरलेली बाटली त्या पिशवीत घालतो आणि त्यांच्या खांद्याला लावतो. बाकी काही बोलत नाही. वस्तू आधी वस्तू म्हणून आवडली पाहिजे. ती कशाची बनली ही त्यानंतरची गोष्ट. दया आली म्हणून माणूस एकदा घेतो, उपयोगी पडली म्हणून परत येतो.

आता तुमची पाळी

तुम्ही या धंद्यात उतरत असाल तर ही कामं क्रमाने करा.

१. एकच माल निवडा आणि तो दर आठवड्याला कुठून येणार ते लिहा. टेलरकडची चिंधी, फर्निचरवाल्याकडचे प्लायचे तुकडे, पंक्चरवाल्याकडच्या सायकल ट्यूब, किराणा दुकानातली गोणपाटं. 'ओळखीचे लोक देतील' हा पुरवठा नाही, तो उपकार आहे. पहिली ऑर्डर घेण्याआधी पुरवठादाराशी थोडे पैसे देऊन पक्कं करा. फुकट मिळणारा माल कधीही बंद होतो.

२. त्या मालाचे तीन गुण लिहा. पाणी धरत नाही? ताणतो? वजन पेलतो? त्या गुणाची ज्याला गरज आहे ती वस्तू बनवा.

३. तीन नग घड्याळ लावून बनवा. पहिल्याचा वेळ सोडून द्या, तिसऱ्याचा धरा. प्रत्येक टप्पा वेगळा मोजा. घरच्यांनी केलेलं कामही मोजा. आईचा, बायकोचा, स्वतःचा वेळ शून्य रुपये लिहिला तर ते कॉस्टिंग नाही.

४. सगळ्यात जास्त वेळ खाणारा पण वस्तूवर न दिसणारा टप्पा शोधा. तो डिझाईन बदलून काढून टाका. मजुरी कापून वेळ भरून काढायचा नाही.

५. साचा बनवा. आकार तोच, रंग वेगळा.

६. सुरक्षा बघा. दिवा केलात तर होल्डर, वायर, प्लग नवीन आणि आयएसआय मार्कचेच. कुठून आलंय माहीत नाही अशा प्लास्टिकमध्ये खायची वस्तू ठेवायला देऊ नका, लहान मुलांचं खेळणं करू नका. फ्लेक्स घरी तापवून चिकटवू नका.

७. दुसऱ्या कंपनीचा लोगो समोर दिसेल अशी वस्तू मोठ्या संख्येने विकायच्या आधी जाणकार वकिलाला विचारा. आम्ही जीन्सची कंपनीची लेबलं काढूनच टाकतो.

या लेखाबरोबरच्या व्हिडिओत मी बाटलीच्या पिशवीचं कॉस्टिंग फळ्यावर करून दाखवलंय. बघताना वही-पेन घेऊन बसा. आणि आज रात्री एवढंच करा: जी वस्तू तुम्ही आत्ता विकताय किंवा विकायचा विचार करताय, तिच्या कामात कोणाकोणाचे हात लागतात त्यांची नावं लिहा. नावापुढे मिनिटं लिहा, मिनिटांपुढे रुपये. ज्या नावापुढे शून्य येईल, तिथे तुमचा नफा नाही, तुमची उधारी आहे. ती आधी फेडा.

काकू आता दर महिन्याला ऑर्डर घेतात. चहाही मिळतो. फक्त परवा एका नव्या मालाचं सॅम्पल घेऊन गेलो, तर त्यांनी कापडाला हात लावायच्या आधी भिंतीवरचं घड्याळ काढून मशीनजवळ ठेवलं.